साधा हिरवा

"हिरवाच आहे हा," नन्नासाहेब म्हणाले. "पाणी लागून पिवळा पडलाय."

भिंग त्यांनी डोळ्याला लावलं होतं खरं, पण ते लावायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं. संचालकांच्या टेबलावर कागदाची एक घडी उलगडून ठेवलेली होती आणि तिच्यात पंख मिटलेला एक पतंग पडला होता. दिव्यावर येतात ना, त्यातलाच. अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, आणि रंग अंड्यातल्या बलकाचा. टेबलाच्या पलीकडे कीटक संग्रहालयाचे संचालक बसले होते. अलीकडच्या खुर्चीत, हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून, नन्नासाहेबांची भावजय बसली होती.

तिचा नवरा, म्हणजे नन्नासाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ, याच संग्रहालयाच्या वर्षावनातल्या ठाण्यावर कामाला होता. मागच्या महिन्यात तिथे एका उंच झाडाची वाळकी फांदी त्याच्या तंबूवर कोसळली आणि तो झोपेतच गेला. सामान पत्र्याच्या पेटीतून घरी आलं. कपडे, दाढीचा ब्रश, एक छत्री, आणि तळाशी बिस्किटांच्या डब्यात हा एकच पतंग. संचालक भेटायला घरी आले होते तेव्हा तिने त्यांना डबा दाखवला. अशा वेळी माणूस काहीतरी बोलून जातो. संचालकही बोलून गेले, की ही नवीन जात निघाली, तर तिला तुमच्या मिस्टरांचंच नाव देऊ, कायमचं राहील. त्या दिवसापासून ती बाई पुन्हा दोन घास जेवायला लागली होती.

"पण दादा," भावजय म्हणाली, "हे फोनवर पिवळाच म्हणाले होते. पिवळाधमक आहे, असा कधी बघितला नाही, असं म्हणाले."

"दिव्याजवळ सगळंच पिवळं दिसतं."

"तिथला दिवा पांढरा आहे. मी गेले होते ना एकदा, मी बघितलाय."

"मग दिव्यामागे ताणतात ती चादर धुवायची राहिली असेल."

संचालकांना हसू आलं. मग समोर कोण बसलंय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खोकल्यासारखं केलं. भावजय हसली नाही आणि रडलीही नाही. तिने कागदाची घडी पुन्हा मिटायला हात पुढे केला, तेव्हा नन्नासाहेबांनी तो हात हलकेच बाजूला सारला आणि घडी स्वतः मिटली. "असं बोट लावायचं नसतं," ते म्हणाले.

नन्नासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते नाव कचेरीने ठेवलेलं, आणि ते कुणी ठेवलं हे विचारायला गेलात तर शिपायापासून संचालकांपर्यंत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. त्यांचं काम पतंग ओळखण्याचं. बाहेरून जे काही डब्यात, पाकिटात, बाटलीत घालून येईल त्याला नाव सांगायचं. आणि ज्याला त्याला वाटे की आपल्याला नवीनच काहीतरी सापडलंय. नन्नासाहेब एक नजर टाकत आणि नन्नाचा पाढा सुरू करत. नवीन नाही. दुर्मिळ नाही. पुरा नाही. एक निवृत्त पोस्टमास्तर दर पावसाळ्यानंतर इस्त्रीचा शर्ट घालून न्हाणीघरात सापडलेले पतंग घेऊन यायचे. नन्नासाहेब त्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावत. एक विद्यार्थिनी दलदलीत तापाने फणफणत राहून एक पेटी भरून घेऊन आली होती. तिची पेटी बघताना नन्नासाहेबांनी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नव्हता. पेटी मिटून म्हणाले, "हस्ताक्षर चांगलं आहे तुमचं." ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही.

बरं, चुकत असते तर लोकांनी धरून आपटलं असतं. चुकत नसत हीच पंचाईत होती. एवढ्या नोकरीत त्यांना एकदाही आपला शब्द मागे घ्यावा लागला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना पगारापेक्षा प्यारी होती. आता, त्यांच्या स्वतःच्या हातून एकही नवीन जात जगापुढे आली नव्हती हेही खरं. ज्याला समोर येईल ते जुनंच दिसतं त्याला नवीन कुठून सापडणार? पण हे त्यांना तोंडावर सांगणार कोण.

या पिवळ्या पतंगाबाबतही त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. पतंगांच्या एका घराण्यात पंख कोवळ्या पानासारखे हिरवे असतात. त्यातला एक तर इतका साधा, की कुठल्याही जंगलातल्या कुठल्याही दिव्यावर तो आधी हजर. पण तो हिरवा रंग कच्चा. मेल्यावर ओल लागली की उतरतो आणि पतंग पिवळट होतो. पावसात भिजलेले असे डबे ठाण्यांवरून नेहमी येत आणि नवशिके लोक ते पिवळे पतंग बघून उड्या मारत. बिस्किटांचा डबाही महिनाभर ओलीतच पडला होता. तेव्हा साधा हिरवा, पाण्याने पिवळा पडलेला. दुसरं काय असणार? त्यातून तो पाठवलेला धाकट्याने.

धाकट्याचं आणि थोरल्याचं पहिल्यापासून असंच. धाकटा शाळेत गटांगळ्या खायचा आणि घरी येऊन त्याचीच नक्कल करून दाखवायचा. आई पोट धरून हसायची. थोरला पहिला यायचा आणि आई म्हणायची, बरं झालं, आता हात धुऊन घे. पुढे धाकट्याला कुठेच काम मिळेना, तेव्हा नन्नासाहेबांनी संचालकांचे पाय धरून त्याला ठाण्यावर लावला. संध्याकाळी झाडांमध्ये पांढरी चादर ताणायची, तिच्यापुढे दिवा लावायचा, आणि जे येऊन बसेल ते बाटलीत भरायचं. त्याला अक्कल लागत नाही, असं नन्नासाहेब चारचौघांत सांगत. "मीच चिकटवला त्याला," हेही सांगत.

पण अक्कल न लागणाऱ्या त्या कामात धाकटा असा रमला की विचारू नका. त्याने पाठवलेल्या पाकिटांत कुणाचा पाय नाही, कुणाची मिशी तुटलेली, तारीख तर बहुतेक वेळा नाहीच. नन्नासाहेब ती पाकिटं घरी आणून जेवणाच्या टेबलावर सगळ्यांपुढे उघडत आणि एकेक चूक दाखवत. आणि रजेवर घरी आलेला धाकटा मान डोलावत ऐकून घेई. मग म्हणे, "दादा, तू एकदा ये की तिकडे. मेलेलेच बघून बघून तूही वाळत चाललायस." सगळे हसत. नन्नासाहेबही हसत, कारण न हसून कसं चालेल? नन्नासाहेब त्या जंगलात कधीच गेले नव्हते. त्यांना दमा होता, आणि जळवांची किळस होती.

संचालकांच्या खोलीतला तो निकाल संध्याकाळी त्यांच्याआधीच घरी पोचला होता. आई खिडकीपाशी बसली होती. भावजय स्वयंपाकघरात होती, आणि भांडी नेहमीपेक्षा कमी वाजत होती.

"काय म्हणे, नाही निघाला?" आईने विचारलं.

"नाही."

"नीट बघितलास?"

"आई, रोज तेच करतो मी."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या 'तेच म्हणते मी'ने नन्नासाहेबांना सकाळी कामाला लावलं. नाहीतर साध्या हिरव्या पतंगासाठी ते कधी भिंगाच्या पुढे गेले नसते. पण उद्या कुणी शंका काढायला नको. संचालकांनाही दाखवता येईल की बघा, भाऊ असला तरी आम्ही कसं काटेकोर काम केलं. त्यांनी घडी आपल्या टेबलावर आणली, दिवा ओढून घेतला आणि पतंगाचा पंख जिथे अंगाला जुळतो ती जागा बघितली. हिरव्याचा रंग कितीही उतरला तरी त्या खोबणीत थोडा राहतोच. इथे नव्हता. पिवळा होता तो पार मुळापर्यंत पिवळा होता, आणि त्यात एक बारीक तांबूस रेघ होती.

नन्नासाहेबांनी चष्मा पुसला. मग चिमट्याने पतंगाचं पोट मोडून वेगळं केलं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना क्रूर वाटेल, पण याला इलाज नाही. एकसारखे दिसणारे पतंग शेवटी पोटाच्या टोकाला असलेल्या जननेंद्रियावरून ओळखावे लागतात. निसर्गाने तिथे प्रत्येक जातीला वेगळं कुलूप आणि वेगळी किल्ली दिलेली आहे. पोट कॉस्टिकच्या पाण्यात गरम करायचं, मांस विरघळलं की ब्रशाने साफ करायचं, आणि उरलेला तो कठीण, नखाच्या तुकड्यासारखा भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हे काम नन्नासाहेबांच्या हाताखालून इतक्यांदा गेलं होतं की ते करताना ते मनात बाजाराची यादी करत. त्या दिवशी मात्र यादी झाली नाही.

साध्या हिरव्याच्या किल्लीला टोकाशी दोन फाटे असतात. हिला एकच होता, आणि त्याच्या कडेने फणीसारखे दाते होते. त्यांनी खणातले साधे हिरवे काढून ताडून बघितले. जवळचे सगळे नातलग काढले. कपाटातली जाडजूड पुस्तकं काढली, चित्रांवर बोट ठेवत दुपारपर्यंत बसले. जेवणाचा डबा तसाच राहिला. असा पतंग कुठेच नव्हता. कुणी बघितला नव्हता, कुणी लिहिला नव्हता. आजवर तो फक्त त्या जंगलात होता आणि धाकट्याच्या बिस्किटांच्या डब्यात होता.

आणि नन्नासाहेबांना आनंद झाला. हे नमूद करायलाच हवं, नाहीतर माणसावर अन्याय होईल. लहान मुलाला व्हावा तसा आनंद झाला. ते खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, कुणाला तरी हाक मारायला त्यांनी तोंडही उघडलं. बाहेर लांबच लांब व्हरांडा आणि टोकाला फरशी पुसणारी बाई. तिने वर बघितलं. "काही हवंय का साहेब?"

"नाही," ते म्हणाले, आणि आत येऊन बसले.

बसल्यावर मग एकेक गोष्ट दिसायला लागली. आधी संचालकांकडे जायचं आणि म्हणायचं, मी चुकलो. संचालकांच्या पोटात ती गोष्ट चहा थंड होईपर्यंतसुद्धा राहणार नाही. संध्याकाळपर्यंत शिपाई हसतील, पोस्टमास्तरांना कळेल, ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून येतील. हे वाईट होतं, पण हे त्यांनी गिळलं असतं. गिळता येत नव्हतं ते पुढचं. धाकट्याचं नाव छापून येणार. त्या नावाची चिठ्ठी आपणच टाइप करायची आणि आपणच खणावर चिकटवायची. उद्या लांबून कुणी अभ्यासक आला की त्याला सांगायचं, हो, हा माझा भाऊ. कोण भाऊ? तो, चादर ताणणारा. आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून घेऊन ते नाव सांगणार, तिला ते उच्चारता येत नसलं तरी. आपल्या आख्ख्या आयुष्यात आपल्या नावावर एक पतंग नाही, आणि ज्याने एक पाकीट धड पाठवलं नाही त्याचं नाव पुस्तकांत अमर.

मत्सर वाटला त्यांना. मेलेल्या भावाचा मत्सर. याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही.

तरीही ते घरी निघाले तेव्हा सांगायचं असं ठरवूनच निघाले होते. वाटेत त्यांनी वाक्यही जुळवलं. जेवताना बोलायचं, सहज, भाजी वाढून घेतल्यासारखं, की तो पतंग पुन्हा एकदा बघितला मी. भावजयीने ताटं मांडली. ती आता तिघांचीच मांडायची सवय करत होती, आणि आजही, तो रजेवर आला असल्यासारखं, चौथं काढून परत ठेवताना तिला नन्नासाहेबांनी पाहिलं. त्यांना कणव आली. वाक्य अगदी जिभेवर होतं.

"तो पतंग," ते म्हणाले.

"पुरे आता ते," आई म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, भाकरी मोडत होती. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्यास. त्याची एक लागली असती तर तुझं काय जात होतं? पण नाही. तुझ्या हातून कुणाचं बरं झालंय का कधी? तो होता तोवर हसून तरी घ्यायचा तुला. आता कोण घेणार आहे?"

"आई, नका ना," भावजय म्हणाली.

"का नको? धाकटा गेला माझा. हा राहिला."

आईला असं काही म्हणायचं नव्हतं, निदान तिला तसं म्हणायचं नसावं. पण बोलून झालं होतं. नन्नासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पूर्ण प्यायले, खाली ठेवला.

"मी काय म्हणत होतो," ते म्हणाले, "की तो पतंग मी परत तपासला. साधा हिरवाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे काचेच्या चकतीतला तो फणीसारखे दाते असलेला तुकडा बेसिनमध्ये उलटा केला आणि वरून नळ सोडला. नळ बराच वेळ चालू ठेवला. मग हात पुसले आणि पोट नसलेला पतंग साध्या हिरव्यांच्या खणात सगळ्यात मागे सरकवून दिला. तिथे त्याच्यासारखे उतरलेले, फिकुटलेले खूप होते. तो खण बघायला कोण जातं?

एवढ्यावर हे थांबलं असतं, तर एक फट शिल्लक होती. आज ना उद्या नन्नासाहेब निवृत्त होतील. त्यांच्या खुर्चीत दुसरा कुणी येईल, एखाद्या रिकाम्या दुपारी तो खण उपसेल, आणि म्हणेल, अरे, हा वेगळा दिसतोय. असं होतं कधीकधी, संग्रहालयं त्यासाठीच असतात. नन्नासाहेबांनाही ते ठाऊक होतं. किंबहुना त्या फटीच्या आधारावरच त्यांना गेल्या काही रात्री झोप लागली होती. आपण काही नष्ट केलं नाही, फक्त बाजूला ठेवलंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

पण आठवड्याभरात भावजय पुन्हा संचालकांच्या खोलीत येऊन बसली. नन्नासाहेबांना बोलावणं आलं.

"यांना तो पतंग घरी हवाय," संचालक म्हणाले. "आठवण म्हणून. साधाच आहे ना? मोडकेतोडके आपण शाळांना देतोच. देऊन टाका की."

नन्नासाहेब उभे होते.

"तो... तसा संग्रहातला आहे," ते म्हणाले.

"साध्या हिरव्यांनी खण भरलेत आपले, तुम्हीच तर नेहमी कटकट करता," संचालक म्हणाले. आज ते घाईत होते. "आणि हो, तुम्हाला कळलंच असेल, ते ठाणंही आता बंद होतंय. तो सगळा डोंगर रबराच्या लागवडीला दिलाय. झाडं पाडायला सुरुवातही झाली. तेव्हा आठवण म्हणून हे बरंच आहे."

भावजय नन्नासाहेबांकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

"देतो," ते म्हणाले. "उद्या. जरा नीट लावून देतो."

त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही. पतंग दमट डब्यात ठेवून त्याचे पंख सैल केले, मधोमध टाचणी घातली, फळीवर ठेवून एकेक पंख कागदाच्या पट्टीखाली ताणून बसवला. इतका देखणा पतंग त्यांच्या हातून कधी लावला गेला नव्हता. पिवळा रंग तसूभरही उतरला नाही. तो उतरणारा नव्हताच. सुकल्यावर त्यांनी त्याला काचेच्या झाकणाच्या एका लहान लाकडी चौकटीत बसवला आणि दुसऱ्या संध्याकाळी स्वतः घरी घेऊन आले.

भावजयीने चौकट दोन्ही हातांत घेतली. खूप वेळ बघितलं.

"याचं पोट कुठंय, दादा?"

"तपासताना काढावं लागतं."

"म्हणजे तुम्ही खरंच तपासलंत."

"हो."

"मला वाटलं, नुसतं बघून सांगितलंत." तिने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. "मी तुमच्याबद्दल मनात वाईट आणलं होतं. आणि? काय निघालं?"

ती खालच्या मानेने विचारत होती आणि चौकटीवरून बोट फिरवत होती. दार उघडं होतं. आई आत होती. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि अजूनही वेळ गेलेली नव्हती. किल्ली बेसिनमध्ये गेली असली तरी तो रंग होता, ती तांबूस रेघ होती, नन्नासाहेबांचा शब्द होता. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

"साधा हिरवा," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "साधा तर साधा."

चौकट दिवाणखान्यातल्या फडताळावर, धाकट्याच्या फोटोशेजारी उभी राहिली. भावजय सकाळी तिच्यावरून फडकं फिरवायची. पहिले दोन-तीन महिने सगळं ठीक होतं. मग एके दिवशी टाचणीच्या तळाशी चिमूटभर पिवळी पूड दिसली.

संग्रहालयात काम करणारा माणूस कशालाही घाबरत नसेल, पण या पुडीला घाबरतो. तिळाएवढा एक किडा असतो. त्याची केसाळ अळी सुकलेले पतंग आतून खाते, आणि बाहेर कळतं ते ही पूड पडायला लागल्यावरच. इलाज सोपा आहे. कोपऱ्यात एक डांबरगोळी ठेवायची. नन्नासाहेबांच्या कचेरीतल्या प्रत्येक खणात ती असे, त्यांच्या कोटाच्या खिशाला तिचा वास कायमचा लागलेला होता. चौकट तयार करताना त्यांनी ती घातली नव्हती. विसरले होते असं म्हणता येईल. त्यांनी स्वतःला तेच सांगितलं होतं.

रोज सकाळी चहा पिताना त्यांना समोर फडताळ दिसे. भावजय काच उचलून पूड बोटाने टिपून घेई, आणि काच पुन्हा लावून टाके. धूळ कुठून येते कोण जाणे, असं एकदा ती म्हणाली. नन्नासाहेब वर्तमानपत्र वाचत होते. मग एक पंख कलला. मग एके दिवशी तो खाली पडला, आणि तिने तो चिकटपट्टीने लावायचा प्रयत्न केला तेव्हा बोटांतच त्याचा चुरा झाला.

"दादा, हे असं कशानं होतंय?" तिने विचारलं. "तुमच्याकडचे तर वर्षानुवर्षं राहतात."

"तिकडची हवा वेगळी असते."

"काही घालायला हवं का आत?"

"आता उपयोग नाही," नन्नासाहेब म्हणाले.

त्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पाऊस संपला की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर तिला माणसं ओळखू यायची ती आवाजावरून, आणि खोलीतल्या वस्तू नुसत्या डागांसारख्या दिसायच्या. सकाळी ती खुर्ची ओढून फडताळासमोर बसे आणि तोंड त्या बाजूला करून चहा पीत असे.

अशाच एका सकाळी तिघं बसली होती. भावजय फडकं घेऊन फडताळापाशी उभी होती. तिने काच उचलली. आत आता टाचणीच होती, आणि टाचणीला कसलं तरी काळपट कुसळ चिकटलं होतं. खाली कागदावर पुडीचा पिवळसर डाग.

"आहे ना गं तो?" आईने विचारलं. "मला आज काही दिसेना."

भावजयीचा हात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "आहे की, आई. आत्ताच पुसला."

"पिवळा आहे अजून?"

"अगदी पिवळा."

आईला ते पटलं नसावं. माणूस आंधळं व्हायला लागलं की आवाजातलं त्याला जास्त कळतं. तिने खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली आणि नन्नासाहेब जिथे बसतात तिकडे तोंड केलं.

"तू सांग रे. ही मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. तू नाही तसा. आहे का तो?"

भावजयीने नन्नासाहेबांकडे बघितलं. फडकं तिने छातीशी धरलं होतं आणि तिचे डोळे त्यांना विनवत होते. आजपर्यंत त्या बाईने त्यांच्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

"आहे, आई," नन्नासाहेब म्हणाले. "छान आहे."

"मग ठीक," आई म्हणाली, आणि कप तोंडाला लावला.

भावजयीने काच हळूच खाली ठेवली. ती स्वयंपाकघरात गेली आणि किटली घेऊन आली. नन्नासाहेबांना सकाळी दुसरा कप लागत नसे, हे तिला माहीत होतं. तरी तिने तो काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे सरकवून दिला. "घ्या, दादा," ती इतक्या मायेने म्हणाली की नन्नासाहेबांना वर बघवेना. चहा फार गरम होता. तो ते तसाच प्यायले.